चिखलातली पैसेवारी

वऱ्हाडातल्या माणसाला पैसेवारी समजावून सांगावी लागत नाही. सप्टेंबरात नजरअंदाज, ऑक्टोबरात सुधारित आणि डिसेंबरअखेर अंतिम, असे तिचे तीन हप्ते पेपरात छापून येतात. आकडा पन्नास पैशांच्या वर गेला की खाली राहिला, यावर गावाचं वर्ष ठरतं. हा आकडा येतो शेतात दोरीने आखलेल्या चौकोनातून. चौकोनातलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं आणि त्या पोतंभर मालावरून सगळ्या गावाचं उत्पन्न काढायचं. चौकोन नेमका कुठे पडला यावरून बांधावर होणारी बोलाचालीही इथे नवी नाही.

असाच चौकोन कोकणातल्या खाडीत, ओहोटीच्या वेळी, घोटाभर चिखलात टाकला जातो. तिथे कपाशी नसते, सोयाबीन नसतं. तिथे तिसऱ्या असतात. पण प्रश्न तोच असतो. डोळ्यांना न दिसणारा साठा किती आहे आणि त्यातला किती उचलला तर पुढच्या वर्षी पुन्हा उगवेल?

तिसरी हा दोन शिंपांच्या मधे राहणारा मऊ अंगाचा प्राणी. मालवणकडे त्याच्या जातभाईंना शिवल्या म्हणतात, गोव्यात तिसऱ्यो आणि खुबे. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत या नावांखाली निरनिराळ्या जाती येतात: मेरेट्रिक्स मेरेट्रिक्स, मेरेट्रिक्स कास्टा, कॅटेलिसिया ओपिमा, पॅफिया मलबारिका. बाजारात टोपलीतल्या ढिगाला मात्र सरसकट तिसऱ्याच म्हटलं जातं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर यांची जाड कवचाची चुलत भावंडं मिळतात, तिकडे त्यांना हार्ड क्लॅम म्हणतात. राहणी सगळ्यांची एकसारखी. वाळूमिश्रित चिखलात काही बोटं खोल गाडून घ्यायचं आणि दोन नळ्या वर काढून बसायचं. एका नळीने पाणी आत घ्यायचं, त्यातली सूक्ष्म शेवाळं गाळून खायची, दुसरीने पाणी बाहेर सोडायचं. एक मोठी शिंपली दिवसभरात बादलीभर, कधी दोन-तीन बादल्या पाणी सहज गाळते.

मासा पळतो म्हणून मोजता येत नाही. शिंपली पळत नाही, त्यामुळे ती मोजायला सोपी असावी असं वाटतं. प्रत्यक्षात ती दिसतच नाही, ही खरी अडचण. ओहोटी लागली की चिखलाच्या सपाट पाठीवर बारीक छिद्रं दिसतात, तेवढीच तिची खूण. वर्षानुवर्षं तिसऱ्या वेचणाऱ्या बायका त्या छिद्रांवरून खाली काय आहे ते ओळखतात. आपल्याकडे अनुभवी शेतकरी बांधावर उभं राहून एकरी किती क्विंटल उतरेल ते सांगतो, तसंच हे. हा नजरअंदाज बऱ्याचदा बरोबर असतो. पण तो कागदावर मांडता येत नाही, गेल्या वर्षाशी ताडून पाहता येत नाही, आणि उद्या खाडीत जेट्टी किंवा कारखान्याचं सांडपाणी येऊ घातलं तर तो पुरावा म्हणून कुणी मानत नाही. शिवाय हाताने वेचलेली तिसरी लिलावाच्या बंदरात येतच नाही. ती टोपलीतून थेट बाजारात जाते आणि संध्याकाळी कालवणात पडते. सरकारी मत्स्योत्पादनाच्या तक्त्यात तिची नोंद व्हायला वाटेत जागाच नाही.

म्हणून चौकोन.

पद्धत सांगायला साधी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत ओहोटी सर्वांत खोल जाते. काम तेव्हाच करायचं. लोखंडी सळईची किंवा पीव्हीसी पाइपची पन्नास सेंटिमीटर बाजूची चौकट घ्यायची. ती चिखलावर ठेवून आतला सगळा गाळ ठरलेल्या खोलीपर्यंत खणून काढायचा, चाळणीत ओतायचा आणि पाण्यात हलवून धुवायचा. राहिल्या शिंपल्या मोजायच्या, प्रत्येकीची लांबी व्हर्नियर कॅलिपरने मिलिमीटरमध्ये घ्यायची, वजन करायचं आणि जिवंत शिंपल्या परत चिखलात सोडायच्या. हातात वेळ असतो दोन-तीन तासांचा. भरतीचं पाणी पायाला लागायला लागलं की उरलेले चौकोन पुढच्या उधाणावर.

हिशेब कसा होतो ते एका कल्पित खाडीवर पाहू. समजा तिसऱ्यांचा पट्टा दहा हेक्टरचा आहे, म्हणजे एक लाख चौरस मीटर. त्यात चाळीस चौकोन टाकले. प्रत्येक चौकोन पाव चौरस मीटरचा, म्हणजे एकूण दहा चौरस मीटर जागा खणली. त्यात ३०० तिसऱ्या निघाल्या. चौरस मीटरला तीस, म्हणून पट्ट्यात तीस लाख. खणलेली जागा एकूण पट्ट्याच्या दहा हजारावा भाग. त्यावरून तीस लाखांचा आकडा. ऐकणाऱ्याला हा जुगार वाटला तर नवल नाही.

जुगार आणि विज्ञान यांतला फरक चौकोन कुठे टाकला यात आहे. माणसाचा हात आपोआप जिथे माल दिसतो तिथे जातो. कुणी तिसऱ्या सापडाव्यात म्हणून भरघोस जागा निवडतो, कुणी चिखल कमी लागावा म्हणून कडेची. दोन्ही निवडींनी आकडा बिघडतो. म्हणून चौकोनांच्या जागा आदल्या रात्री नकाशावर, यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून ठरवतात. खाडीत गेल्यावर जीपीएस जिथे नेईल तिथे चौकट ठेवायची, मग तिथे नुसता दगड असो की रिकामा चिखल. शून्य निघालं तर शून्य लिहायचं. नवशिक्यांना हे शून्य लिहिणंच सर्वांत जड जातं, कारण चिखलात अर्धा तास खपून काहीच हाती लागलेलं नसतं.

या कल्पनेशी वऱ्हाडाचं जुनं नातं आहे. ब्रिटिश अमदानीत पिकाचा अंदाज म्हणजे पटवाऱ्याच्या नजरेचा आणेवारीचा अंदाज. चौदा आणे, दहा आणे. १९४०च्या दशकात दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी या पद्धतीला आव्हान दिलं. एक विनायक गोविंद पानसे, दुसरे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पानसे कापसाकडून या प्रश्नाकडे आले. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीला देशात कापूस नेमका किती पिकतो हे हवं होतं. तेव्हा यादृच्छिक पद्धतीने गाव निवडायचं, गावातलं शेत निवडायचं, शेतातली जागा निवडायची आणि तिथली वेचणी तोलायची, हा प्रयोग वऱ्हाडातल्या काळ्या मातीत झाला. सुखात्म्यांनी तेच गहू-भातासाठी केलं. दोघांनी मिळून लिहिलेलं ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स’ हे १९५४चं पुस्तक कृषी महाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्यांनी वापरलं. (सुखात्मे पुढे रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि माणसाला रोज नेमक्या किती कॅलरी लागतात या वादात त्यांचं नाव जगभर गाजलं. तो विषय वेगळा.)

त्या काळात सुखात्मे आणि कोलकात्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात एक वाद रंगला होता. चौकोन लहान घ्यावा की मोठा? महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे: खर्च कमी, म्हणून तुकडे जास्त टाकता येतात. सुखात्म्यांनी शेतात प्रत्यक्ष कापणी करून दाखवलं की तुकडा लहान केला की उत्पन्न फुगून येतं. कारण माणसाचा स्वभाव. दोरीवर आलेलं रोप आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो.

चिखलात हा वाद जसाच्या तसा लागू पडतो आणि कागद-पेन्सिलीने तपासता येतो. पंचवीस सेंटिमीटर बाजूची चौकट घ्या. मोजणाऱ्याने चारही कडांवर फक्त एक-एक सेंटिमीटरचा लोभ धरला, तर ६२५ चौरस सेंटिमीटरच्या जागी ७२९ चौरस सेंटिमीटर मोजलं जातं. जवळपास सतरा टक्के जास्त. चौकट पन्नास सेंटिमीटरची असेल तर त्याच लोभाने आठ टक्के वाढ होते, एक मीटरची असेल तर चार. म्हणून नियम असतो: वरच्या आणि डाव्या कडेवर अडकलेल्या शिंपल्या आत धरायच्या, खालच्या आणि उजव्या कडेवरच्या सोडून द्यायच्या. ऐकायला क्षुल्लक, पण तीस लाखांच्या पट्ट्यावर सतरा टक्के म्हणजे पाच लाख शिंपल्या, ज्या फक्त कागदावर असतात.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. कपाशी ओळीत पेरलेली असते. तिसऱ्या घोळक्याने राहतात. चाळीस चौकोनांतले पंचवीस रिकामे निघतात आणि पाचांमध्येच दोनशे सापडतात. सरासरी तीच येते, पण तिच्यावरचा भरवसा कमी होतो. आपल्या कल्पित पट्ट्यातला आकडा मग ‘तीस लाख’ असा न लिहिता ‘अठरा ते बेचाळीस लाखांच्या दरम्यान’ असा लिहावा लागतो. आता कुणी ठरवलं की वर्षाला तीस टक्के उचलायच्या, म्हणजे नऊ लाख. साठा खरोखर तीस लाख असेल तर ठीक. तो अठरा लाखच असेल तर आपण अर्धा पट्टा उपसला. म्हणून चांगला सर्वेक्षक आधी पट्ट्याचे भाग पाडतो, खाडीच्या मुखाकडचा, मधला, वरचा, वाळूचा, गाळाचा. मग प्रत्येक भागात वेगळे चौकोन टाकतो. पीक कापणीत हलक्या आणि भारी जमिनीचा हिशेब एकत्र करत नाहीत, तसंच.

महाराष्ट्रात या कामाची सर्वांत चिकाटीची नोंद समुद्रापासून लांबच्या एका विद्यापीठाच्या नावावर आहे. १९७०च्या दशकात औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातले आर. नागभूषणम आणि यू. एच. माने हे प्राणिशास्त्रज्ञ रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या खाडीतल्या शिंपल्यांचा अभ्यास करत होते. कॅटेलिसिया ओपिमा आणि पॅफिया लॅटेरिसुल्का या जाती किती वाढतात, कधी अंडी सोडतात, चौरस मीटरला किती असतात, हे त्यांनी मोजलं. त्याआधी १९३०च्या दशकात एच. एस. राय यांनी मुंबई इलाख्यातल्या शिंपल्यांच्या मासेमारीचा आढावा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिला होता. पण आढावा वेगळा आणि पुन्हा-पुन्हा त्याच चिखलात जाऊन मोजणं वेगळं. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला समुद्रजीवशास्त्र आपलं नाही असं वाटतं, त्याने हे औरंगाबादचं उदाहरण लक्षात ठेवायला हरकत नाही.

पुन्हा-पुन्हा का मोजायचं, याचं उत्तर कोकणच्या पावसात आहे. जून-जुलैत डोंगरावरून गोड्या पाण्याचा लोंढा खाडीत उतरतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्याला सरावलेली तिसरी शिंपा घट्ट मिटून घेते, खाणं थांबवते, जवळजवळ श्वास रोखून बसते. लोंढा लांबला तर मरते. त्यामुळे मे महिन्यात मोजलेला आकडा सप्टेंबरात खरा राहीलच असं नाही. वाढीचा हा थांबा शिंपीवरच्या वलयांतही दिसतो. झाडाच्या खोडात वर्षांची वलयं असतात, तशी शिंपल्यातही असतात. थंड प्रदेशांत ती इतकी स्पष्ट असतात की २००६मध्ये आइसलँडजवळ मिळालेल्या एका शिंपल्याचं वय वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी पुढे ५०७ वर्षं ठरवलं. तो जन्मला तेव्हा चीनमध्ये मिंग घराण्याचं राज्य होतं, म्हणून त्याला मिंग हे नाव मिळालं. आपल्या तिसरीचं आयुष्य मात्र दोन-चार वर्षांचंच.

संख्येइतकीच लांबीची नोंद महत्त्वाची असते. मोजलेल्या सगळ्या शिंपल्या लांबीनुसार मांडल्या की पट्ट्याची जनगणना तयार होते: किती पोरं, किती तरणी, किती म्हातारी. ज्या पट्ट्यात सगळ्या शिंपल्या मोठ्याच निघतात, तो पट्टा पाहून हौशी माणूस खूश होतो आणि जाणकार काळजीत पडतो. तरुण पोरं पुण्या-मुंबईला निघून गेलेल्या गावासारखा तो पट्टा असतो. आज घरं भरलेली, दहा वर्षांनी कुलपं. उलट सगळ्याच बारीक निघाल्या तर वेचणी जोरात चालू आहे, मोठी व्हायला कुणाला फुरसत मिळत नाही, असा अर्थ. म्हणून चाळणीची जाळी बारीक ठेवतात आणि मिलिमीटरभराची पिल्लंही मोजतात. बाजारात त्यांना किंमत शून्य, पण सर्वेक्षणात सर्वांत जास्त.

मोजलं आणि वाचलं

मोजण्याने प्रत्यक्षात काय साधतं, याचं आपल्या देशातलं ठळक उदाहरण केरळमधल्या कोल्लमजवळचं अष्टमुडी सरोवर. तिथे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅफिया जातीच्या शिंपल्यांची व्यापारी वेचणी सुरू झाली, कारण आग्नेय आशियातून मागणी आली. १९९१मध्ये उत्पादन दहा हजार टनांवर गेलं. दोनच वर्षांत ते निम्म्यावर आलं. तिथल्या कोळ्यांच्या हातात तेव्हा दोनच वाटा होत्या. उरलंसुरलं दुसऱ्याच्या आधी आपण उपसायचं किंवा सगळ्यांनी मिळून थांबायचं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मोजणी करून अंडी सोडण्याचा काळ दाखवला. डिसेंबर ते फेब्रुवारी वेचणी बंद झाली. यंत्राने उपसा बंद. जाळीचा डोळा किमान तीस मिलिमीटर, म्हणजे बारीक शिंपली आपोआप खाली पडणार. निर्यातीसाठी मांसाच्या एका किलोत १,४०० पेक्षा जास्त नग बसता कामा नयेत; जास्त बसले याचा अर्थ शिंपल्या लहान वयात काढल्या. हा शेवटचा नियम हुशारीचा आहे. खाडीतल्या प्रत्येक होडीवर पहारा ठेवता येत नाही, पण कारखान्याच्या तराजूवर ठेवता येतो.

साठा सावरला. नोव्हेंबर २०१४मध्ये या मासेमारीला मरीन स्ट्युअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं. सुमारे तीन हजार लोकांची रोजी त्यावर चालते. पुढे उत्पादन पुन्हा घसरलं तेव्हा विझिंजमच्या हॅचरीत वाढवलेलं लाखो शिंपल्यांचं बी सरोवरात सोडण्यात आलं. बी कुठे सोडायचं, किती जगलं, हे पाहायला पुन्हा तोच चौकोन लागतो.

अमेरिकेतल्या लाँग आयलंडजवळची ग्रेट साउथ बे ही खाडी मात्र वेळेत थांबली नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत खाल्ल्या जाणाऱ्या हार्ड क्लॅमपैकी निम्म्याहून अधिक या एका खाडीतून येत. पुढे उत्पादन घसरत गेलं, १९८५पासून तपकिरी शेवाळाच्या साथी येऊ लागल्या आणि धंदा जवळपास संपला. किनाऱ्यावरच्या गावांच्या नगरपालिका तिथे दरवर्षी ठरावीक ठिकाणी तळ उपसून शिंपल्या मोजत होत्या. आकडे उतरताना दिसत होते. तिथे एक धडा हाती लागला. शिंपल्या अंडी आणि शुक्रबीजं पाण्यात सोडून देतात, भेट पाण्यातच होते. दोन शिंपल्यांत अंतर फार वाढलं की भेटच होत नाही. म्हणजे खाडीत एकूण लाखो शिंपल्या शिल्लक असूनही, त्या विखुरलेल्या असतील तर पुढची पिढी होत नाही. म्हणून तिथे नंतर मोठ्या शिंपल्या दुसरीकडून आणून दाट वाफे लावल्यासारख्या एकत्र सोडल्या गेल्या. एकूण आकड्यापेक्षा चौरस मीटरचा आकडा का पाहायचा, ते इथे समजतं.

गोव्यात वेचणी हा मुख्य गुन्हेगार नव्हताच. मांडवी, झुआरी आणि त्यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा इथल्या शिंपल्यांच्या पट्ट्यांचा अभ्यास दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या ए. एच. परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३मध्ये प्रसिद्ध केला होता. तेव्हा तो एक साधा पर्यावरणीय अभ्यास होता. पुढची काही वर्षं लोहखनिजाच्या खाणींचा गाळ नद्यांतून वाहत राहिला. १९८६मध्ये परुळेकर, अन्सारी आणि इंगोले यांनी लिहिलं की शिंपल्यांचं उत्पादन सत्तर टक्क्यांहून अधिक घटलं आहे आणि तळावरचे मूळ रहिवासी जवळपास नाहीसे झाले आहेत. पाण्यात तरंगणाऱ्या गाळाचं प्रमाण तिप्पट झालं होतं. गाळणाऱ्या प्राण्याच्या तोंडात सतत माती कोंबली तर दुसरं काय होणार? पण हे ‘सत्तर टक्के’ म्हणता आलं ते आधीचा आकडा कागदावर होता म्हणून. तो नसता तर म्हाताऱ्या माणसांची ‘पूर्वी खूप मिळायच्या’ ही तक्रार तेवढी राहिली असती.

ताटात येण्याआधी

खाण्याच्या दृष्टीने तिसरी मोलाची आहे. प्रथिनं भरपूर, लोह चांगलं, आणि ब-१२ जीवनसत्त्व तर इतकं की त्या बाबतीत फार थोडे पदार्थ तिच्या बरोबरीला येतात. पण जो प्राणी पाणी गाळून जगतो, त्याच्या अंगात पाण्यातलं सगळंच उतरतं. १९८८च्या सुरुवातीला शांघायमध्ये सांडपाण्याने दूषित झालेले शिंपले अर्धेकच्चे खाल्ल्याने सुमारे तीन लाख लोकांना काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस-एची लागण झाली. हा धोका नीट शिजवण्याने टळतो.

दुसरा शिजवूनही टळत नाही. समुद्रात काही सूक्ष्म शेवाळांचा अचानक फुलोरा येतो, त्यांच्यातलं सॅक्सिटॉक्सिन हे विष शिंपल्यांत साठतं. शिंपल्याला त्याचं फारसं काही होत नाही. खाणाऱ्याचे ओठ आणि जीभ बधिर होतात, मग हातपाय, आणि वाईट प्रसंगी श्वासाचे स्नायू. याला उतारा नाही, रुग्णाचा श्वास कृत्रिमरीत्या चालू ठेवणं एवढंच डॉक्टरांच्या हातात असतं. १९८१मध्ये तमिळनाडूतल्या वायलूर इथे मेरेट्रिक्स कास्टा शिंपल्या खाऊन तिघांचा मृत्यू झाला आणि ८५ जण रुग्णालयात गेले. १९९७मध्ये केरळच्या विझिंजमला शिणाणे खाल्ल्याने सात जण दगावले, पाचशेहून अधिक आजारी पडले. म्हणून प्रगत देशांत शिंपल्यांच्या पट्ट्यांतल्या पाण्याची तपासणी होते आणि फुलोरा दिसला की तो पट्टा बंद करतात. दिवाळीच्या सुट्टीत कोकणात जाणाऱ्या वऱ्हाडी कुटुंबाने घ्यायची काळजी साधी आहे. टिचकी मारल्यावर न मिटणारी उघडी तिसरी मेलेली समजायची आणि टाकायची, उकळल्यावर न उघडणारीही टाकायची, आणि जेवणानंतर ओठांना मुंग्या आल्या तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

पूर्णेच्या तळाशी

शिंपली फक्त समुद्राची, हा आपला गैरसमज. वऱ्हाडातल्या नद्या-तलावांतही तिचे गोड्या पाण्यातले नातलग राहतात. लॅमेलिडेन्स ही त्यांतली सर्वत्र आढळणारी प्रजाती. हाताच्या बोटांएवढी लांब, बाहेरून काळपट, आतून मोत्यासारखी चकचकीत. जुन्या घरांत कैरी सोलायला असायची ती शिंप हिचीच. भोई आणि ढिवर समाजातल्या लोकांना ती नदीच्या कोणत्या वळणावर सापडते हे ठाऊक असतं.

हिचं बालपण तिसरीपेक्षा विचित्र आहे. तिची पिल्लं पाण्यात मोकळी वाढत नाहीत. ती माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, काही दिवस त्याच्या अंगावर फुकट प्रवास करतात आणि मग तळाशी उतरून स्वतंत्र संसार थाटतात. नदीतले मासे गेले की म्हाताऱ्या शिंपल्या काही वर्षं तळाशी टिकून राहतात, पण नवीन पिढी होत नाही. त्यात पूर्णा-वर्धेच्या पात्रातून रेती उपसली जाते तेव्हा पोकलेनच्या एका घासात शिंपल्यांचं सगळं घर ट्रकमध्ये जातं. गंमत अशी की ही शिंपली जिवंत असते तेव्हा पाणी गाळत असते आणि तिच्या घरासकटची रेती शहरात बंगला बांधायला गेली की त्याच शहराला पाणी गाळायला फिल्टर प्लँट बांधावा लागतो.

२०१८च्या जानेवारीत अकोल्यात मोर्णा नदी स्वच्छ करायला हजारो नागरिक उतरले होते. त्या मोहिमेचा उल्लेख पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही केला. जलकुंभी निघाली की फरक डोळ्यांना लगेच दिसतो. तळाशी फरक पडला का, हे पाहायचं असेल तर महागड्या यंत्रांची गरज नाही. नदीत गुडघाभर पाण्यात उतरायचं, आधी ठरवलेल्या जागांवर चौकट ठेवायची, हाताने चाचपून आणि चाळून शिंपल्या काढायच्या. जिवंत किती, नुसत्या रिकाम्या शिंपा किती, लांबी किती, हे लिहून जिवंत असतील त्या जिथून काढल्या तिथेच, ज्या बाजूने गाडलेल्या होत्या त्याच बाजूने परत रोवायच्या. उलटी रोवली तर तिला पुन्हा सरळ व्हायला फार वेळ लागतो. वर्षाने त्याच महिन्यात, त्याच जागी, तीच चौकट. प्राणिशास्त्राच्या पदवीच्या वर्गाला एका हिवाळ्यात जमेल एवढं हे काम आहे.

काठावर मोठमोठ्या रिकाम्या शिंपांचा ढीग दिसला तर तो नदीचा भूतकाळ. चाळणीत नखाएवढी एखादी जिवंत शिंप आली, तर गेल्या एक-दोन वर्षांत त्या पाण्यात मासे होते, पिल्लाला वाहून नेण्याइतके ते जगले होते आणि तळाशी उतरायला रेती शिल्लक होती, एवढं तरी ती शिंप सांगते.